परतीचे कपडे

घडीमावशींच्या हातांना डोळे आहेत, असं लाँड्रीतले लोक म्हणायचे. एकतीस वर्षं त्या एकाच टेबलापाशी उभ्या होत्या. हॉटेलांच्या चादरी, कारखान्यांचे गणवेश, थिएटरचे पडदे, सगळं वाफेच्या प्रेसखालून गरमागरम बाहेर यायचं आणि मावशी त्याच्या घड्या घालायच्या. शेजारणीशी बोलता बोलता, खिडकीबाहेर बघता बघता, एकदा तर चक्क उभ्या उभ्या डुलकी लागली असताना. पण घडी बघावी तर काठाला काठ लागलेला. मुकादम चेष्टेनं म्हणायचा, मावशी, तुम्ही खुशाल घरी जा, हात तेवढे इथं ठेवून जा. मावशी तेव्हा मनापासून हसायच्या. पुढं ते बोलणं आठवलं की त्यांना हसू येईनासं झालं.

दवाखान्याच्या पिशव्या भरायला त्या शिकल्या ते नवऱ्याच्या अपेंडिक्सपासून. भर दुपारी पोटात कळ आली आणि दोघं हातात घराची किल्ली आणि खिशात कंगवा, एवढ्यावरच निघाले. चष्मा घरी राहिला, म्हणून नवऱ्यानं ऑपरेशनच्या कागदावर न वाचताच सही ठोकली. रक्तदाबाची गोळी कुठली, असं डॉक्टरांनी तीनदा विचारलं. मावशी तीनदा म्हणाल्या, पांढरी. अंगातला शर्ट गडबडीत कात्रीनं कापला गेला होता, त्यामुळं घरी सोडलं त्या दिवशी गृहस्थ दवाखान्याची चादर गुंडाळून टॅक्सीत बसले. पुढची बारा वर्षं, हृदयाच्या झटक्यानं झोपेतच जाईपर्यंत, नवरा हा किस्सा रंगवून सांगत राहिला. पाहुणे हसून हसून लोटपोट व्हायचे. मावशी मात्र दर वेळी मनातल्या मनात जळायच्या.

तेव्हापासून त्या जिथं कुणाचं ऑपरेशन असेल तिथं आदल्या दिवशी हजर. आधी नात्यात, मग इमारतीत, मग दोन गल्ल्या सोडूनही बोलावणं यायला लागलं. मावशी हात धुऊन बसायच्या आणि पहिली गोष्ट मागायच्या ती परतीचे कपडे. घरी येताना घालायचे. कमरेला सैल, म्हणजे टाक्यांना काचत नाहीत. पुढून बटणांचे, कारण हात वर करून डोक्यातून कपडा घालणं तेव्हा जमत नाही. ते कपडे पिशवीच्या अगदी तळाला जायचे. वरचं एकेक वापरत वापरत तिथवर पोचायचं, म्हणजे घरी जायचा दिवस उजाडला, असा त्यांचा हिशोब.

मग बाकीचं. चपला एक नंबर मोठ्या, कारण पाय सुजतात. चार्जर लांब वायरचा, कारण प्लग नेहमी खाटेच्या मागं असतो. पडल्या पडल्या पाणी प्यायला वाकणारी नळी. खोकला आला की पोटाशी दाबून धरायला एक छोटी घट्ट उशी. कवळीची डबी, वर नाव लिहिलेली, कारण एका काकांची कवळी कागदी रुमालात गुंडाळलेली होती ती जेवणाच्या ताटाबरोबर कचऱ्यात गेली आणि काका महिनाभर पेजेवर राहिले. तपासण्यांचे कागद तारखेनं लावलेले. चालू गोळ्यांची यादी, आणि खाली तांबड्या शाईत, अंगाला काय सोसत नाही ते. अंगठ्या-कानातलं घरी. नखांचा रंग पुसलेला. आणि दोरीनं पेन्सिल बांधलेली वही, कारण डॉक्टर समोर आले की विचारायचं ते नेमकं विसरतं.

अशा पस्तीस-चाळीस पिशव्या भरून झाल्या. गेलेले सगळे आपापल्या पायांनी परत आले. मावशींच्या हाताला यश आहे, असं बोललं जाऊ लागलं.

मग पोस्टमनची पिशवी आली.

पोस्टमन वरच्या मजल्यावर राहायचा. उंच, सडपातळ माणूस. वर्षानुवर्षं टपालाची पिशवी वाहून त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा चार बोटं खाली गेला होता. साधं हर्नियाचं ऑपरेशन, चार दिवसांत घरी. मावशींनी त्याचा निळा शर्ट आणि सैल पँट मागून घेतली, घडी घातली, तळाला ठेवली. वरचं सगळं लावलं. पोस्टमनशी दोन गमतीच्या गोष्टी केल्या आणि जिना उतरून घरी आल्या. कुलूप उघडायला हात पुढं केला तर हातावर निळा शर्ट आणि पँट. घडी नीट, काठाला काठ.

त्या बघतच राहिल्या. आपणच ठेवले होते ना तळाला? ठेवताना बघितलंही होतं. वय झालं म्हणायचं, असं स्वतःशी बोलत त्या आत जाऊन घटकाभर बसल्या आणि मग परत जिना चढल्या, तर दाराला कुलूप. टॅक्सी गेलेली. चार दिवस आहेत की, उद्या कुणाबरोबर तरी पाठवू, असं म्हणून त्यांनी कपडे खुर्चीवर ठेवले. उद्या लाँड्रीत माल जास्त आला. परवा पाठदुखी. तिसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन खाटेवरून उठून उभा राहिला आणि तिथंच कोसळला. पायातली रक्ताची गुठळी वर गेली, असं डॉक्टर म्हणाले. समाचाराला आलेल्या माणसांच्या गर्दीत मावशींनी ते कपडे गुपचूप त्याच्या कपाटात ठेवून दिले. कुणाला काही बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं होतंच काय?

पुढच्या अकरा पिशव्या सुरळीत झाल्या. बारावी शिकवणीच्या बाईंची होती, पित्ताशयाच्या खड्यांची. बाईंना मुलानं दवाखान्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी मावशी आपल्या घरच्या इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा उलगडायला बसल्या. मधोमध बाईंचा राखाडी ड्रेस. या वेळी त्या तशाच उठल्या, चपला अडकवल्या आणि निघाल्या. कोपऱ्यावर बाईंचा मुलगाच भेटला. तो दवाखान्यातून येत होता, आणि त्याच्याकडं बघून मावशींना काही विचारावं लागलं नाही.

यानंतर त्या सावध झाल्या. घड्याळ दुरुस्त करणारे काका भरती व्हायचे होते, तेव्हा मावशींनी काकांच्या मुलीला समोर बसवलं. कपडे तळाला ठेवताना तिला म्हणाल्या, बघ, ठेवले ना? मुलीनं मान हलवली. चेनही तिच्याकडूनच लावून घेतली. आठवड्यानं, दुपारी चारच्या सुमारास, मुलीचा फोन आला. बाबांना उद्या सोडणार आहेत, पण मावशी, पिशवीत कपडेच नाहीत. मावशी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात वळल्या. ओट्याशेजारच्या खुर्चीवर काकांचा तपकिरी सदरा होता, आणि खाली पायजमा. आठ दिवस त्या खुर्चीवर बसून जेवल्या होत्या.

कपडे घेऊन त्या पळतच गेल्या. लिफ्टसाठी थांबल्या नाहीत. वॉर्डाच्या दारात मुलगी उभी होती. तिनं मावशींच्या हातातले कपडे घेतले आणि शांतपणे म्हणाली, ‘आता हेच घालू त्यांना. वीस मिनिटं झाली.’

मावशींनी त्या दिवशी पिशव्या भरणं सोडलं. नजर अधू झाली, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर त्या स्वतःच्या हातांकडं बघायला भीत होत्या. लाँड्रीत चादरींवरून हात सरसर फिरायचे आणि ते दुसऱ्याच कुणाचे तरी असल्यासारखं त्या लांबून बघत राहायच्या. हात घात करतात की आधी कळवतात? पहिलं असेल तर काय करायचं आणि दुसरं असेल तर काय करायचं, दोन्ही त्यांना सुचत नव्हतं. पोस्टमनची बायको जिन्यात भेटली की त्या खाली मान घालून भिंतीकडून निघून जायच्या. तीही तशीच जायची. तिला सगळं कळलंय आणि ती आपल्यावर राग धरून आहे, अशी मावशींची खात्री होती. अशी सहा वर्षं गेली.

सातव्या वर्षी धाकट्या बहिणीचा फोन आला. ती दूर, दुसऱ्या शहरात राहायची. तिकडच्या डॉक्टरांनी गाठ आहे म्हणून गर्भपिशवी काढायला सांगितली होती आणि चांगला सर्जन मावशींच्या शहरात होता. ती आली ती हसतच. म्हणाली, ‘ताई, माझी एक पिशवी ते काढणार. दुसरी तू भर.’

मावशींनी डोळ्यांचं निमित्त सांगितलं. धाकटी म्हणाली, कालच तर तू सुईत दोरा ओवलास. मावशींनी मेहुण्यांना भरायला सांगून बघितलं. मेहुणे बिचारे सरळमार्गी माणूस, त्यांनी तीन टॉर्च आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा बाहेर काढून ठेवला. शेवटी मावशी हात धुऊन बसल्या. धाकटीनं परतीचा म्हणून हिरवा, पुढून बटणांचा सैल ड्रेस दिला. मावशींनी तो तळाला ठेवला, वर हात दाबून धरला, आणि पिशवी भरून होईपर्यंत एकदाही दुसरीकडं बघितलं नाही. चेन लावून त्यांनी पिशवी धाकटीच्या खाटेखाली सरकवली आणि त्या खोलीकडं फिरकल्याच नाहीत.

सकाळी दवाखान्यात काउंटरवर फॉर्म भरायचा होता. चष्मा काढायला मावशींनी आपली खांद्यावरची पर्स उघडली. चष्म्यावर हिरवा ड्रेस होता, चौघडी घातलेला.

त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला असावा, कारण धाकटीनं त्यांना दंडाला धरून बाकावर बसवलं. मेहुणे रांगेत उभे होते. तिथं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत, मावशींनी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं. पोस्टमनचा निळा शर्ट, बाईंचा राखाडी ड्रेस, काकांचा सदरा. आणि म्हणाल्या, आज नको, आपण घरी जाऊ.

घरी जाऊन काय, गाठ पोटात तशीच राहणार, असं धाकटी म्हणाली. मग तिनं ड्रेस उलगडला आणि अंगातल्या कपड्यांवरून चढवला. बटणं लावली. ‘घे,’ ती म्हणाली, ‘आता हा माझ्या अंगावर आहे. आता कसा नेशील?’ आणि अशी ती, एकावर एक दोन ड्रेस घातलेली, लिफ्टकडं चालू लागली.

दोन तासांनी आतल्या दारातून एक नर्स बाहेर आली. हातात कपड्यांची गुंडाळी. पेशंटचे नातेवाईक कोण, असं विचारून तिनं ती मावशींच्या मांडीवर ठेवली. आत गाऊन घालावा लागतो, तुमच्या बहिणीचे कपडे सांभाळा, म्हणाली आणि दार लावून गेली. वरच हिरवा ड्रेस होता.

ऑपरेशन दीड तासाचं सांगितलं होतं. बाहेरच्या खोलीत उन्हाची तिरीप जमिनीवरून हळूहळू सरकत होती. मेहुणे भिंतीवरची तीच सूचना पुन्हा पुन्हा वाचत होते. मावशींनी ड्रेस मुद्दाम चुरगाळून मांडीवर घेतला. थोड्या वेळानं खाली बघितलं तर त्याची घडी झालेली. उलगडला, पुन्हा चुरगाळला. लिफ्टचं दार वाजलं म्हणून वर बघितलं, परत खाली बघितलं, घडी. कापड अजून कोमट होतं. हात मांडीवर आज्ञाधारकपणे पडून होते.

तेव्हा त्या उठल्या आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी तो ड्रेस पसरला. पाठीला पाठ लावली, बाह्या खुर्चीच्या हातांवर ठेवल्या, खालचा घेर पुढं सोडला. आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. खोलीत गर्दी वाढत होती. लोक उभे होते, पण त्या खुर्चीपाशी कुणी येईना. शेवटी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. त्यांनी आधी ड्रेसकडं बघितलं, मग जरा वर, जिथं माणसाचा चेहरा असतो तिथं, आणि मग मावशींना विचारलं, ‘यांच्या पलीकडं कुणी बसलंय का?’

मावशी नाही म्हणाल्या. म्हातारे ड्रेसला धक्का लागणार नाही अशा बेतानं पलीकडं जाऊन बसले.

साडेतीन तासांनी सर्जन बाहेर आले. अचानक रक्तस्राव झाला होता. रक्तदाब इतका उतरला की मधली काही मिनिटं कठीण गेली, असं त्यांनी सरळ सांगितलं. आता धोका टळलाय, पण एक दिवस अतिदक्षता विभागात ठेवू. मावशींनी ड्रेस खुर्चीवरून उचलला आणि घडी न घालता, तसाच लोंबता, दोन हातांवर धरून आत नेला. बाहेरचे कपडे आत चालत नाहीत म्हणून नर्सनं अडवलं. मावशी तिला म्हणाल्या, एकच मिनिट, तिला फक्त दाखवते. नर्सनं काय ओळखलं कोण जाणे, ती बाजूला झाली.

चौथ्या दिवशी धाकटी उशीला टेकून बसली. उशी पोटाशी धरून खोकली आणि म्हणाली, सांगू का नको असं चाललंय माझं. मावशी म्हणाल्या, सांग.

‘एक लांब कॉरिडॉर होता,’ धाकटी म्हणाली. ‘उजेड असा दुपारचाच. बाकावर तिघं बसले होते, दवाखान्याचे गाऊन घालून, अनवाणी. मी पण तशीच. कडेला बसलेला उंच माणूस सरकला, मला जागा दिली. त्याचा हा खांदा खाली आलेला.’ तिनं स्वतःचा डावा खांदा दाखवला. ‘त्यानं विचारलं, तुमचे कपडे आले का? मी म्हटलं, ताईकडं आहेत. तर तो म्हणाला, आमचेही त्यांच्याकडंच राहिले होते.’

मावशींनी विचारलं, रागावले होते का ते?

धाकटीनं आठवून बघितलं. ‘नाही. वाट बघत बसल्यासारखे होते. मग तो दाराकडं बघून म्हणाला, तुमचे आणलेत वाटतं. जा.’

मावशींनी बहिणीला पोस्टमनबद्दल सांगितलं होतं ते शर्टाचं. त्याच्या उंचीबद्दल, खांद्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. धाकटीनं त्या माणसाला जन्मात बघितलेलं नव्हतं.

धाकटी आठव्या दिवशी हिरवा ड्रेस घालून घरी आली. बटणं मेहुण्यांनी लावली, एक खालीवर. ती आपल्या गावी गेल्यावर मावशी दोन दिवस घरातल्या घरात फिरत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी जिना चढून पोस्टमनच्या दारात उभ्या राहिल्या. त्याच्या बायकोनं दार उघडलं. इतक्या वर्षांनी दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत बघितलं. मावशी बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं की तुमच्या यजमानांचे कपडे माझ्याकडं राहिले होते, आणि मी ते पोचवले नाहीत, आणि मग लपवून कपाटात ठेवले.

ती बाई खिडकीकडं वळली. त्या खिडकीतून जिन्याचा खालचा टप्पा आणि मावशींचं दार सरळ दिसायचं.

‘मला माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘मी इथंच उभी होते. टॅक्सी खाली थांबली होती आणि तुम्ही त्यांचा निळा शर्ट हातावर टाकून घरी चालला होतात. मला दिसत होतं. हाक मारायला तोंड उघडलं, आणि मारली नाही. का नाही मारली, ते आजतागायत मला कळलेलं नाही.’

मग तिनं मावशींना पाणी दिलं. मावशी बसल्या. ती म्हणाली की तुम्ही जिन्यात मान खाली घालायचात तेव्हा मला वाटायचं, यांनी मला खिडकीत बघितलंय.

मावशी आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत. लाँड्री सुटली. पिशव्या त्या परत भरतात, पण सोबत पोस्टमनची बायको असते. घडी मावशी घालतात आणि ती बाई ते कपडे पेशंटच्याच हातानं तळाला ठेवायला लावते. गेल्या वर्षी तरीही एकदा झालं. एका सुताराची मूत्रपिंडातल्या खड्याची पिशवी भरून दोघी खाली उतरल्या आणि फाटकापाशी ती बाई थबकली. मावशींच्या हातावर चौकड्यांचा शर्ट होता. या वेळी तिनं हाक मारली. दोघी तशाच टॅक्सीनं गेल्या आणि सुताराला आत नेण्याआधी शर्ट त्याच्या हातात दिला. तो सहाव्या दिवशी कुरकुरत घरी आला, दवाखान्यातल्या खाटेचा एक पाय आखूड आहे म्हणून.

शर्ट पोचला म्हणून तो परत आला, की तसाही येणारच होता, हे मावशींना सांगता येत नाही. कुणी विचारलं तर त्या म्हणतात, मी फक्त घड्या घालते. आणि बोलता बोलता हात मांडीवर एकात एक घट्ट धरून ठेवतात.